ओसरीवरून वादळ बघणारे इथे कोण कोण आहेत?

कोरडवाहू
बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं डोक्यात होतं. पावसावर इथे रग्गड लिहून झालंय, पण ते सगळं धो धो पडणाऱ्या पावसाचं, हिरवेगार डोंगर, धुकं, धबधबे वगैरे. जिथे वर्षातून मोजक्या वेळा आभाळ फुटतं तिथल्या वादळाबद्दल कोणी बोलतच नाही. माझं तर ठाम मत आहे की वादळ बघावं तर कोरड्या भागातच आणि तेही ओसरीत बसून. (ओसरी, पडवी, व्हरांडा, पोर्च, ज्याच्याकडे जे असेल ते, वर छप्पर आणि समोर मोकळं आभाळ एवढं पुरे.)

झाडी कमी आणि हवा कोरडी असल्याने नजर लांबवर जाते, त्यामुळे ढग जन्माला येतो तिथपासून बघायला मिळतो. दुपार कलताना एक पांढरा ढग बाकीच्यांना मागे टाकून उंच व्हायला लागतो, मग त्याचा माथा वर जाऊन अडतो आणि सपाट होऊन एका अंगाला पसरतो, पोट काळंनिळं होतं, आणि आपल्या डोक्यावर मात्र अजून रखरखीत ऊन. मग तो आपल्याकडे येणार की बाजूने निघून जाणार हे बघत बसायचं. बहुतेक वेळा हुलकावणीच देतो. तरी मला विचाराल तर पाऊस प्रत्यक्ष पडणं हा या सगळ्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. या, भांडा आता.

पागोळी
भांडायलाच आले 😀 पाऊस कमी महत्त्वाचा?? अहो कोरडवाहू, पत्र्यावर पहिले टपोरे थेंब ताड ताड वाजतात ते ऐकलंय का कधी? आधी एक, मग थांबतो, मग चारपाच, आणि मग एकदम असा आवाज की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. बाकी सगळा नुसता ट्रेलर.

चक्रम_वारा
ट्रेलर बघूनच खूश व्हायचं, कारण आमच्याकडे पिक्चर लागतच नाही.

मातीचा_वास
+१. आयडीवरून कळलंच असेल मी कुठल्या पार्टीत. मला वासासाठी बसायचं असतं, तेही पाऊस आपल्याकडे पोचायच्या आधी वाऱ्यावर येतो त्या वासासाठी. हा वास कोरड्या जागी जास्त का येतो हे कोणी नीट सांगेल का, आभाळमोजणी आहात का?

आभाळमोजणी
आहे आहे. हवामान हा आपला छंद, पोटापाण्याचा धंदा नाही, हे आधी सांगून ठेवतो.

वासाचं असं की त्यात दोनतीन गोष्टी मिसळलेल्या असतात. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात यावर लिहिलं, वासाला पेट्रिकोर हे नाव पण त्यांनीच दिलं. कोरड्या दिवसांत झाडंझुडपं काही तेलकट द्रव्यं सोडतात आणि ती खडकांत मातीत मुरत जातात. पाऊस जितका लांबतो तितका साठा वाढतो, म्हणून रोज भिजणाऱ्या जमिनीला तो वास तसा येतच नाही. त्यात भर पडते जिऑस्मिनची, ते मातीतले जिवाणू तयार करतात आणि आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे की हवेत एक हजार अब्ज भागांत चारदोन भाग असले तरी कळतं. तिसरा वास तो जरा झणझणीत, धातूसारखा, तो ओझोनचा, वीज हवा फोडते त्यातून तयार होतो आणि ढगातून खाली येणाऱ्या थंड हवेबरोबर जमिनीपर्यंत पोचतो.

आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी हायस्पीड कॅमेऱ्याने थेंब मातीवर पडताना शूट केला होता. थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळला की त्याच्या खाली हवा अडकते, तिचे बारीक बुडबुडे थेंबातून वर येऊन फुटतात, सोड्याच्या ग्लासात होतं तसंच, आणि त्या फुटण्यातून वासाचे सूक्ष्म कण हवेत उडतात. गंमत म्हणजे हलक्या आणि मध्यम पावसात हे जास्त होतं, मुसळधारेत कमी. म्हणजे वासासाठी चारदोन शिंतोडेच बरे.

कोरडवाहू
बघा!! शास्त्र माझ्या बाजूने आहे. पागोळी ताई, मुसळधार कशाला हवी मग?

पागोळी
शास्त्र वासाबद्दल बोललं, आवाजाबद्दल नाही. अजून जागेवरच आहे मी.

धुळाक्षर
वास, आवाज सगळं मान्य पण तुम्ही लोक वारा विसरलात. आमच्याकडे ढग लांब असतानाच अचानक गार वारा सुटतो, दिवसभर अंगातून घाम काढणारी हवा दोन मिनिटांत कुठल्या कुठे जाते, दारं आपटतात, आणि त्यामागून धुळीची भिंत. पाऊस यायचा नाही पण धूळ न चुकता येणार. ढग तिकडे, पाऊस तिकडे, मग हा वारा इकडे कुठून?

आभाळमोजणी
तोच तर खास कोरड्या भागाचा खेळ आहे. जरा लांबड लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

दमट भागात ढगाचा तळ जमिनीपासून हजारभर मीटरवर किंवा त्याहून खाली असतो. कोरड्या भागात उन्हाळ्यात हाच तळ तीन किलोमीटर आणि कधी त्याच्याही वर. म्हणजे ढगातून निघालेल्या थेंबाला खाली पोचायला तेवढी गरम कोरडी हवा पार करायची असते, आणि बरेचसे थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. ढगाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते आणि ती जमिनीच्या आधीच विरते ना, तीच ही. व्हर्गा म्हणतात तिला. कोरडवाहूंची हुलकावणी ती हीच, पाऊस खरंच पडलेला असतो, फक्त आपल्यापर्यंत आलेला नसतो.

पण तो वाया जात नाही. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते ती आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते, हवा थंड होते, थंड झाली की जड होते, आणि जड हवा धाडकन खाली येते. खाली जमीन आहे, पुढे जाता येत नाही, मग चहूबाजूला पसरते. तोच धुळाक्षर यांचा गार वारा. तापमान दहा अंशांनी किंवा जास्तही उतरतं. वाटेत मोकळी माती असली की ती उचलली जाते आणि भिंत तयार होते, तिला हबूब म्हणतात. ५ जुलै २०११ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरावर आलेली भिंत प्रसिद्ध आहे, दीड किलोमीटरपेक्षा उंच आणि जवळपास १६० किलोमीटर रुंद.

ही खाली कोसळणारी हवा अगदी छोट्या जागेत आली तर भयंकर असते, विमानं पाडते. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडलं, त्याचा अभ्यास करताना टेड फुजिता यांनी हे कोडं सोडवलं. टोर्नेडोंची (जमिनीला टेकणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळांची) तीव्रता सांगणारी एफ स्केल देणारे तेच फुजिता. तेव्हा कित्येक हवामानवाल्यांचा त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता.

चक्रम_वारा
म्हणजे आम्ही गार वारा आला वारा आला म्हणून नाचतो तो पावसाचा अंत्यविधी असतो तर.

धुळाक्षर
😂😂 आभाळमोजणी, झकास समजावलंत. आता दारं आपटली की शिव्या घालणार नाही.

सांभाळून_बसा
रसभंग करतोय त्याबद्दल आधीच सॉरी, पण कोणीतरी बोललं पाहिजे. विजेच्या बाबतीत ओसरी ही सुरक्षित जागा नाही. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, अर्थिंगची कामं करण्यात आयुष्य गेलं. कोरडवाहू यांनी वर जे "ओसरी" म्हणून व्याख्या केलीय, छप्पर आणि समोर मोकळं आभाळ, नेमकी तीच जागा सुरक्षेच्या यादीत येत नाही. चारी बाजूंनी बंद, वायरिंग आणि पाण्याचे पाईप असलेलं पक्कं घर किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी, एवढंच खरं. बाकी शेड, टपरी, गॅलरी, पोर्च सगळं पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही.

कोरडवाहू
आला का नियमांचा पेटारा. दादा, लोक पिढ्यानपिढ्या ओसरीत बसतायत.

सांभाळून_बसा
बसतायत की, आणि त्यातल्या बहुतेकांना काही झालं नाही हेही खरं. पण ज्यांना झालं ते धाग्यावर लिहायला येत नाहीत.

निवांत_नाना
मुलांनो भांडू नका. सांभाळून_बसा, मला एक सांगा बुवा, पत्र्याचं छप्पर वीज खेचतं म्हणतात त्यात किती तथ्य? आणि पायात रबरी चप्पल असली की चालतं हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

सांभाळून_बसा
नाना, दोन्ही चूक. पत्रा किंवा धातू वीज खेचत नाही. कुठे पडायचं हे ठरतं ते उंची, टोकदारपणा आणि एकटं उभं असणं यावर, म्हणून मोकळ्या माळावरचं एकुलतं झाड सगळ्यात वाईट. पण धातूतून ती सहज वाहते, त्यामुळे पत्र्याच्या लोखंडी खांबाला टेकून बसणं नको. सिमेंटच्या भिंतीत आणि कोब्यात सळया असतात, तिथेही टेकायचं नाही, हे लोकांना माहीतच नसतं. आणि चपलेचं म्हणाल तर, जी वीज किलोमीटरच्या किलोमीटर हवा फोडून आली ती बोटभर रबराला काय भीक घालणार. गाडीतसुद्धा वाचवतो तो बाहेरचा धातूचा सांगाडा, टायर नाहीत.

माणसं दगावतात ती बहुतेक अंगावर थेट वीज पडून नाही. जवळ पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते, किंवा झाडावर खांबावर पडून बाजूला उडी मारते. त्यामुळे "आपल्या घरावर कशाला पडेल" हा प्रश्नच चुकीचा आहे.

पागोळी
बापरे. मी रोज खांबालाच टेकून बसते. मग करायचं काय, बघायचंच नाही?

सांभाळून_बसा
बघा ना, कोण नाही म्हणतंय. मीही बघतो. वीज चमकली की मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद तितक्याला तीनने भागायचं, ते झाले किलोमीटर. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात म्हणून. मोजणी तीसच्या खाली आली म्हणजे वादळ दहा किलोमीटरच्या आत आलं, खुर्ची उचलायची आणि आत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मग बाहेर. काटेकोर लोक तर म्हणतात की गडगडाट ऐकू आला म्हणजेच तुम्ही टप्प्यात आलात, मोजत बसूच नका, आणि त्यात अर्थ आहे कारण ढगाच्या माथ्यातून निघणारी वीज पाऊस सोडून पंधरा किलोमीटर आणि कधी त्याहून लांब, वर निळं आभाळ असतानासुद्धा पडू शकते. लहान मुलं असतील तर काटेकोरच बरं.

आभाळमोजणी
दुजोरा. वीज किती लांब जाते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, २२ ऑक्टोबर २०१७ ला अमेरिकेत पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या जवळपर्यंत एकच वीज ८२९ किलोमीटर लांब गेली. उपग्रहाच्या डेटावरून नंतर कळलं, जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये त्याला विक्रम म्हणून मान्यता दिली.

चक्रम_वारा
८२९ किमी! आमची एसटी एवढं अंतर जाताना दोन ड्रायव्हर बदलते.

कोरडवाहू
सांभाळून_बसा, रागावू नका पण तुम्ही माझीच बाजू मजबूत केलीत. मी काय म्हणालो होतो, पाऊस पडणं सगळ्यात कमी महत्त्वाचं. खरी बघायची वेळ असते ती वादळ चाळीसपन्नास किलोमीटरवर असताना, आवाजही येत नाही अशा अंतरावर. तेव्हाच तर अख्खा ढग तळापासून माथ्यापर्यंत एका नजरेत मावतो. डोक्यावर आलं की काय दिसतं, नुसता काळोख आणि पाण्याचा पडदा. म्हणजे सुरक्षित अंतर आणि चांगलं दृश्य एकाच ठिकाणी आहेत आणि हे फक्त कोरड्या मोकळ्या भागातच जमतं. दमट झाडीच्या प्रदेशात वादळ दिसेपर्यंत ते डोक्यावर आलेलं असतं.

सांभाळून_बसा
हे मात्र बिनशर्त मान्य. लांबचं वादळ ओसरीतून, जवळचं वादळ खिडकीच्या आतून.

पागोळी
आणि पत्र्याचा आवाज घरातूनही येतो, नव्हे जास्तच येतो. ठीक आहे, खांब सोडला. मत सोडलेलं नाही.

रात्रपाळी
उशिरा आलो धाग्यावर. सगळे दुपारच्या वादळाबद्दल लिहितायत, रात्रीचं कोणीच काढलं नाही. मला झोप कमी, उकाड्याच्या रात्री ओसरीवर बाज टाकून पडलो की क्षितिजावर विजा दिसत राहतात, आवाज शून्य. वर चांदण्या टिपूर आणि खाली कोपऱ्यात ढग आतून पेटतोय विझतोय. आमच्याकडे म्हणतात ही उष्णतेची वीज, हिला ढग लागत नाही, नुसत्या गरमीने चमकते. खरं का?

आभाळमोजणी
वीज नेहमीचीच असते, फक्त लांब. रात्री उंच ढगातली वीज शंभरदीडशे किलोमीटरवरूनही दिसते पण गडगडाट साधारण वीस किलोमीटरच्या पुढे ऐकू येत नाही. कारण वर जावं तशी हवा गार होत जाते आणि आवाज गार हवेकडे वळतो, म्हणजे वर वाकून आपल्या डोक्यावरून निघून जातो. तुमच्या त्या मुक्या विजेखाली कोणाच्या तरी घरावर भांडी वाजवणारा कडकडाट चालू असतो.

आणि रात्री नीट बघितलंत तर दिसेल, एकच वीज थरथरते. ती एक नसते. त्याच वाटेने सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाच्या अंतराने तीनचार वेळा प्रवाह जातो, डोळ्याला ते थरथरणं म्हणून जाणवतं. त्या वाटेतली हवा क्षणात तीस हजार अंशांच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि एकदम फुगते. गडगडाट म्हणजे तो फुगण्याचा धक्का. जवळची वीज कडाड करून एकदाच फुटते आणि लांबची गुरगुरत राहते ते यामुळे की वीज कित्येक किलोमीटर लांब आणि वेडीवाकडी असते, तिच्या प्रत्येक तुकड्याचा आवाज आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो.

रात्रपाळी
क्या बात. हे गुरगुरण्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री लक्ष देऊन ऐकणार, म्हणजे आली तर.

निवांत_नाना
एक गोष्ट माझ्याकडून. ओसरीवरून समोर कोरडा ओढा दिसत असेल तर लांबच्या वादळात त्याच्याकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडे टिपूस नसतो आणि वरच्या अंगाला पडलेलं पाणी घोंघावत येतं. कडक तापलेली जमीन पाणी पीत नाही, सगळं वाहून येतं. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला ११ पर्यटक असेच गेले, पाऊस त्यांच्यावर नाही, कित्येक किलोमीटर वर पडला होता. ओढ्यात गाडी घालणारे, गुरं घालणारे, फोटो काढायला उतरणारे, सगळ्यांना सांगून ठेवा.

धुळाक्षर
नाना, हे फार बरं केलंत सांगितलंत. फोटोवरून आठवलं, मोबाईलवर वीज कशी पकडायची? माझ्या गॅलरीत काळ्या आभाळाचे शेकडो फोटो आहेत, वीज एकात नाही.

रात्रपाळी
बटण दाबून कधीच मिळणार नाही, डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत ती गेलेली असते. मोबाईल कशाला तरी टेकवून व्हिडिओ लावून ठेव आणि नंतर फ्रेम फ्रेम करून स्क्रीनशॉट काढ. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, फोकस हाताने अनंतावर, शटर वीसतीस सेकंद उघडं, आणि एकामागून एक काढत राहायचं. अंधार असताना शटर उघडं असलं की वीज आपला फोटो आपणच काढून देते. दिवसा हे जमत नाही, सगळा फोटो पांढरा होतो. आणि हो, कॅमेरा ओसरीवर, तू आत 😀 सांभाळून_बसा बघतायत.

सांभाळून_बसा
बघतोय बघतोय. कॅमेऱ्याची चार्जिंगची वायर भिंतीत लावलेली नको एवढं बघा.

मातीचा_वास
वादळ गेल्यानंतरचं राहिलंच की. कोरड्या जागी पाऊस संपल्यावर तासाभरात बेडकांचा जो काय गोंगाट सुरू होतो, मला कायम प्रश्न पडतो हे इतके दिवस होते कुठे? पाण्याचा थेंब नाही कुठे आणि एका रात्रीत शेकडो.

आभाळमोजणी
जमिनीखाली. सगळ्या जातींचं माहीत नाही पण अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातल्या स्पेडफूट बेडकांवर भरपूर अभ्यास झालाय. मागच्या पायाला फावड्यासारखा कडक भाग असतो, त्याने माती उकरून उलटे खाली जातात आणि वर्षातले आठदहा महिने तिथेच पडून राहतात. मजा अशी की त्यांना जागं करतो तो ओलावा नाही तर पावसाची आणि गडगडाटाची जमिनीतून जाणारी थरथर. वर आले की घाईच घाई, डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं. त्यांच्यातल्या एका जातीची पिल्लं तर सगळं जमून आलं की आठनऊ दिवसांत शेपटी टाकून बेडूक होतात.

पागोळी
म्हणजे तेही पत्र्याच्या आवाजाच्या पार्टीतले! कोरडवाहू, मोजा मतं.

कोरडवाहू
बेडकांना मतदानाचा अधिकार नाही. आणि गडगडाट पण म्हणालेत ते, म्हणजे अर्धं मत माझं.

चक्रम_वारा
आणि ज्यांचं डबकं आठ दिवसांच्या आत आटतं त्यांचं काय?

आभाळमोजणी
मरतात. त्यांच्याच नात्यातल्या दुसऱ्या काही जातींत काही पिल्लांचे जबडे मोठे होतात आणि ती बाकीच्यांना खाऊन लवकर वाढतात.

चक्रम_वारा
छान. आता रात्रीचा गोंगाट ऐकून मला झोप लागणार नाही, ओसरी तुम्हालाच लखलाभ.